पॉकेटातल्या पट्ट्या
नव्या चामड्याचा वास आला की जालन्याच्या क्लबातलं बिलियर्डचं टेबल आठवतं. निजामाचं राज्य होतं आणि टेबलाची दुरुस्ती माझ्याकडे होती. फुशारकी मारणाऱ्या एका साहेबांची फजिती करावी म्हणून मी पॉकेटांच्या तोंडांना कापडाखाली चामड्याच्या पट्ट्या ठोकल्या. जरा कडेला लागलेला चेंडू आता परत फिरणार होता. माझा मित्र, क्लबात खेळाचे गुण मांडणारा मार्कर, तेव्हा भोकरदनला गेल्ता; त्याला पट्ट्यांचं काही ठाऊक नव्हतं. तो परतताच साहेबांनी त्यालाच खेळायला उभं केलं. "मला हरव, हैदराबादच्या क्लबात बराबर नोकरी देतो!" मित्राचा शेवटचा चेंडू पॉकेटाच्या तोंडात थरथरला आणि बाहेर आला. "माझाच हात बिघडला, गड्या," म्हणत त्याने काठी कायमची ठेवली. आता तो न्हाई. मी हा किस्सा नकलांसकट रंगवतो. पट्ट्या कोणी ठोकल्या, तेवढं गाळतो.