दिनकरच्या वाट्याचं बेट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

नव्वदीच्या अखेरीस आमच्या अंबरनाथच्या कारखान्याने मला ग्वाटेमालाला पाठवलं, आम्ही बनवलेले माग बसवायला. काम संपल्यावर तिथल्या मालकाने दोन दिवस फिरायला नेलं. मोठं तळं, मधे बेट, बेटावर तिथल्या प्राचीन माया लोकांची पडकी देवळं. होडीतून उतरलो, शेवाळलेल्या पायऱ्या चढलो. बाकीचे फोटो काढत होते. मी एका दगडावर बसून राहिलो — पाय दुखतात म्हणालो. पाय दुखत नव्हते.

तिथे दिनकर असायला हवा होता.

दिनकर माझ्याच खात्यातला फिटर, राहायला उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या जुन्या लष्करी बराकीत. माया लोकांचं भारी वेड त्याला. लायब्ररीतून पुस्तकं आणायचा, डबा खाताना त्यांचे आकडे काढून दाखवायचा — टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच. परदेशी जायला नाव त्याचंच लागलं होतं. त्या दिवशी त्याने खात्यात पेढे वाटले. मला दोन दिले.

त्याला फिट यायची. वर्षातून एखादी, गोळ्या चालू होत्या. एकदा रस्त्यात पडला तेव्हा मीच त्याला धरलं होतं. कारखान्यात ते दोघांनाच माहीत — मला आणि कारखान्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला. मी — कसं सांगू? — मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगून टाकलं. काळजी वाटते म्हणून सांगतोय, असंही म्हणालो. काळजी होती का? नव्हती. मला जायचं होतं.

त्याचं नाव कापलं, माझं घातलं. शिवाय त्याला मशीनवरून काढून स्टोअरला बसवलं. तो माझ्याकडेच आला.

"साहेबांना कळलं कसं रे?"

"कंपाउंडर बोलला असेल," मी म्हणालो.

तो म्हणाला, "तू जातोयस ना, मग तेवढं तळ्यातलं बेट बघून ये. आपल्यातल्या कोणीतरी बघायला पाहिजे."

परत आल्यावर मी त्याला बाकीच्यांनी काढलेले बेटाचे फोटो दिले. माझा दोस्त जाऊन आला, असं सांगत त्याने ते सगळ्या बराकीत फिरवले. एक घर सोडून. कंपाउंडर त्याच्या शेजारीच राहायचा, भिंतीला भिंत. दिनकर त्याच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. त्या माणसाने दोनदा विचारलं, माझं चुकलं काय? काही वर्षांनी कंपाउंडर वारला, तेव्हा दिनकर दार लावून घरात बसला.

मी गेलो होतो. खांदाही दिला.