पितळी नॉबचा रिसीव्हर

तमाम नातेवाईक, शेजारी आणि हितचिंतकांना कळवण्यात येते की, आमच्या बैठकीच्या खोलीत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या काळ्या डब्याचा फैसला गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी सर्वांसमक्ष होईल. फैसला अंतिम राहील. वाद घालणाऱ्यास मोदक मिळणार नाही.

हे फर्मान माझ्या बायकोनं काढलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, हातात उलथनं घेऊन. डबा म्हणजे माझा होम थिएटरचा रिसीव्हर. डीव्हीडी प्लेअरकडून आवाज घ्यायचा, त्याला बळ द्यायचं आणि खोलीभर मांडलेल्या स्पीकरांना वाटून द्यायचा, हे त्याचं काम. जुना, अस्सल अ‍ॅनालॉग. दर्शनी भागावर दोन काचा, त्यांच्यामागे दोन सुया. आवाज चढला की सुया नाचायच्या. मी तेव्हा जयपूरला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होतो. तिथल्या आंध्यांची, म्हणजे धुळीच्या वादळांची, धूळ पिऊन तो रिसीव्हर खरखरायला लागला की मीच उघडायचा, ब्रशनं झाडायचा, सुटलेल्या वायरींना डाग द्यायचा. आवाजाचा नॉब तुटला तेव्हा मुरलीपुऱ्यातल्या एका लेथवर पितळेचा नवा कातून आणला. देवघरातल्या समईसारखा झळकायचा तो.

माझे प्रतिस्पर्धी होते खातीपुऱ्याला राहणारे एक सुभेदार. मूळचे साताऱ्याकडचे, नेमणूक जयपूरच्या छावणीत. त्यांनी नुकताच पातळ टीव्ही घेतला होता आणि त्याच्या जोडीला डिजिटल रिसीव्हर.

"काय राव, अजून सुया हलताना बघत बसता व्हय? आता आवाज आकड्यात येतो, आकड्यात!"

"आकडे बघून मला झोप येते, सुभेदार. सुई बघा कशी नाचते."

"नाचू द्या की! पण तुमच्या डब्यानं मागचे दोन स्पीकर पार उपाशी ठेवलेत. आमचा पठ्ठ्या पंगतीत सगळ्यांना सारखं वाढतो."

बायकोनं हे ऐकलं आणि फर्मान निघालं. दोन्ही रिसीव्हर शेजारी शेजारी ठेवायचे. माझा हरला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कबाडीवाले भैया येऊन तो घेऊन जातील. भैयांना तिनं सांगूनही ठेवलं होतं. बायको कामाला एकदा लागली की अशी लागते.

चतुर्थीला दुपारपासून घर भरलं. रेल्वेतली मराठी कुटुंबं, छावणीतली मराठी कुटुंबं. कुणी सोडाल्याहून स्कूटरवर, कुणी सरकारी गाडीतून. खोलीत मावले तेवढे आत बसले, उरलेले अंगणात. त्यांच्यासाठी मी दोन स्पीकर खिडकीत ठेवले होते.

आधी सिनेमा. दक्षिणेकडचा, हिंदीत डब केलेला. त्यामुळे नायकाचे ओठ आणि त्याचे शब्द यांची सोयरीक मुळातच तुटलेली होती, हे ध्यानात ठेवा. पहिली पाळी माझ्या रिसीव्हरची. हेलिकॉप्टर गरजत निघालं आणि टीव्हीच्या शेजारीच कुठेतरी उतरलं.

"पुढे जायला पेट्रोल नव्हतं वाटतं," बायको म्हणाली.

मग सुभेदारांचा डिजिटल. काय सांगू! हेलिकॉप्टर टीव्हीतून सुटलं, कपाटावरून गेलं, मागच्या भिंतीला वळसा घालून परत आलं. एका काकूंनी डोक्यावर पदर ओढून घेतला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं का बोला, तसलं हेलिकॉप्टर माझ्या डब्याच्या बापजन्मात उडालं नसतं.

जिंकलेल्याचा मान म्हणून आरतीचा आवाजही डिजिटलमधूनच जाणार असं ठरलं. आमच्या मंडळींचा एक नियम होता. ज्याच्या घरी गणपती, त्या घरच्या मुलानं नाहीतर मुलीनं आरती सांगायची, पुस्तक न बघता. जयपुरात वाढणाऱ्या पोरांची मराठी टिकावी म्हणून केलेली ती तजवीज. त्या वर्षी पाळी माझ्या मुलीची. आठवीत होती, शाळा हिंदी. महिनाभर गच्चीवर, न्हाणीघरात, कूलरसमोर तिचा सराव चालला होता. मी तो चोरून ऐकला होता आणि माझी कॉलर आपोआप ताठ झाली होती.

डीव्हीडी प्लेअरला माइक जोडला. तबकात निरांजन लागलं. मुलीनं सुरुवात केली, आणि दुसऱ्याच ओळीला अडखळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गाडी रुळावरून खाली. आतले लोक तिच्या तोंडाकडे बघून टाळ्या वाजवत होते, अंगणातले स्पीकर ऐकून. दोन्ही टाळ्यांची गाठ म्हणून पडेना. शेवटी सगळंच थांबलं.

मग आमच्या लोकांनी केलं ते, जे फक्त परमुलखातली मराठी माणसंच करतात. सगळ्यांनी दोष मराठीच्या माथी मारला.

"बिचारी! इथं वाढलेल्या पोरांचं असंच हो."

"आमचा तर घरात गणपतीशीसुद्धा हिंदीत बोलतो."

"घरी बोलायला हवं ना आईबापांनी!"

जो तो आपल्या घरची खंत माझ्या पोरीच्या डोक्यावर ठेवून मोकळा होत होता. तिचे डोळे भरले.

"बाबा, मला येतं! मतलब, सगळं येतं मला! पण गायला लागले की काहीतरी होतं."

मी तिला एकच ओळ पुन्हा म्हणायला सांगितली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. तिचे ओठ मिटले, आणि मग शब्द आला. मी परतलो, माइकपुढे एक टाळी वाजवली. खिडकीतल्या स्पीकरनं आपली वेगळी वाजवली, मागाहून.

"सुभेदार," मी शक्य तितक्या गंभीर आवाजात म्हटलं, "तुमच्या घरच्या टीव्हीत चित्र उशिरा येतं?"

"व्हय, जरासं. म्हणून दुकानदारानं आवाजबी तेवढाच मागं ठेवून दिलाय. ती सोय असते ह्यात." आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. "आयला!"

पोरीला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येत होता. ती त्याच्यासाठी थांबत होती आणि तो तिच्यासाठी. डब केलेल्या सिनेमात हे कुणाला कळणार!

"मग बंद करा ती सोय."

"करतो की. रिमोट कुठाय?" रिमोट सापडला. "थांबा हं, मेन्यूत हाय. ह्या मेन्यूच्या आत आणखी एक मेन्यू हाय..."

निरांजन फडफडायला लागलं. मी प्लेअरच्या लाल-पांढऱ्या आणि स्पीकरांच्या वायरी उचलल्या, माझ्या डब्यात खोचल्या आणि पितळी नॉब फिरवला. माझ्या गड्याला विचार करायची सवयच नव्हती. एका बाजूनं आवाज आत गेला की दुसऱ्या बाजूनं तत्क्षणी बाहेर.

मुलीनं डोळे मिटले आणि उचललं. सुया नाचायला लागल्या. आतली टाळी आणि अंगणातली टाळी एक झाली. एक आरती, दुसरी, तिसरी; पुस्तक नाही, अडखळणं नाही. शेवटच्या आरतीला तर तिनं असा सूर लावला की मघाशी हळहळणाऱ्या काकू गायच्या थांबल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या. मी नॉबवर हात ठेवून उभा होतो. माझा फोटो त्या वेळी कुणी काढला असता तर बँडमास्तरचा म्हणून खपला असता.

"कुठं शिकली हो एवढं छान?" काकूंनी विचारलं.

"घरी," मी म्हणालो. एवढा छोटा शब्द मी आयुष्यात एवढा लांबवून उच्चारला नव्हता.

मुलगी धावत आली. "बाबा, तुमचावाला माझ्यासोबत गातो. काकांचावाला मागून चिडवतो!"

बायको मोदकांचं ताट घेऊन बाहेर आली. डबा, पोरगी आणि मी, असं तिघांकडे तिनं बघितलं. पहिला मोदक पोरीला दिला, दुसरा मला.

"मग आता त्या कबाडीवाल्या भैयांना काय सांगू?" तिनं विचारलं.

सुभेदार अजून मेन्यूतच होते. रिमोटवरची नजर न काढता ते ओरडले, "वहिनी, माझा पत्ता द्या त्यांना!"