आई ‘ह्यो न्हाई’ म्हणाली तेव्हा

आईच्या गळ्यातली बोरमाळ दोघांनी ओढून नेली, तेव्हा चांगलं उजाडलं होतं. ती डेअरीला दूध घालून घराकडं परतत होती. मोटारसायकल शेजारी येऊन थांबली. दोघांनी तोंडाला रुमाल बांधलेले. मागं बसलेल्यानं विचारलं, “आजी, दवाखाना कुठं आला?” आई हात करून दाखवायला वळली आणि त्यानं माळेत बोटं घातली. माळ वडिलांनी फौजेत असताना करून दिलेली, पक्क्या तारेत ओवलेली. ती लवकर तुटली नाही. त्यामुळं माळेबरोबर आईही रस्त्यानं फरफटत गेली. तुटली तेव्हा मनगट मोडलं होतं आणि गळ्यावर चाकूनं ओढावी तशी लाल रेघ उठली होती.

आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात. वडील गेल्यापासून आई तिथं एकटीच राहते. मी मिरजेत एका दवाखान्यात नर्स आहे, धाकटा भाऊ फौजेत. फोन आल्यावर मी पहिल्या एसटीनं निघाले आणि दुपारी आईला घेऊन ठाण्यात गेले. तिचा हात ओढणीच्या झोळीत बांधलेला होता. हवालदारानं आम्हाला बाकावर बसवलं, मग जेवून आला, मग विचारलं, “दूध घालायला जाताना सोनं कशाला घालायचं आजी?”

आईनं पदर गळ्यावरच्या रेघेवर ओढून घेतला.

“गहाळ झालं म्हणून लिहितो. चोरीचं लिहिलं तर तुम्हालाच हेलपाटे पडतील.”

“गहाळ न्हाई झालं,” आई म्हणाली. “न्हेलं.”

“मग साहेब येऊ द्या.”

साहेब म्हणजे फौजदार. ते त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. आई मात्र रोज आवरून, पदर नीट घेऊन माझ्याबरोबर त्या बाकावर येऊन बसायची. फौजीची बायको म्हणून सरकारी माणसाबद्दल तिच्या मनात एक आदर होता. खाकी कपडा दिसला की ती उठून उभी राहायची, आणि हवालदार तिला तशीच उभी ठेवायचा.

मग भाऊ सुट्टी काढून आला. तो ठाण्यात गेलाच नाही. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या घरी गेला आणि तिथून ठाण्यात फोन लावून घेतला. त्याच दुपारी आम्हाला आत खुर्च्या मिळाल्या, चहा आला, आणि फौजदार आईला “मातोश्री” म्हणाले. चोरी अशी नोंद झाली. भाऊ मला बाहेर म्हणाला, “बघितलंस? सिस्टम असती. बटण कुठलं दाबायचं ते कळाय पायजे.”

दोन-चार दिवसांत निरोप आला, संशयित धरलाय, ओळखायला या.

मागच्या खोलीत भिंतीला टेकून एक माणूस उकिडवा बसला होता. शिपायानं त्याचे केस धरून तोंड वर केलं. आईनं त्याला लगेच ओळखलं, मीही ओळखलं. गावाबाहेरच्या माळावर भटक्या लोकांची पाच-सहा पालं होती, त्यातला तो. आमच्या डाळिंबाच्या बागेवर दोन हंगाम राखणीला होता. चाळिशी ओलांडलेला, दोन्ही कानांवर पांढरे केस. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता.

“ह्यो न्हाई,” आई म्हणाली.

“नीट बघा मातोश्री.”

“बघितलं. माळ वडणारा पोरगा हुता, आवाज कवळा हुता. ह्यो न्हाई. ह्याला मी वळखती, ह्यो आमच्या बागंवर हुता. माझ्या हातची भाकरी खाल्लीया ह्यानं.”

फौजदार हसले. भावाकडं बघून म्हणाले, “म्हणजे घर माहितीचं आहे. रोज किती वाजता बाहेर पडतात, गळ्यात काय असतं, सगळं माहिती.”

भावानं मान डोलावली. तो आईच्या कानाशी वाकला. “आई, तोंडं बांधलेली हुती न्हवं? मग ह्यो न्हाई कशावरनं म्हणतीस? पोलिस उगाच धरत्यात व्हय कुणाला?”

“ह्यो न्हाई,” आई पुन्हा म्हणाली.

तो माणूस एवढंच म्हणाला, “सांगा माय. लय मारत्यात.” शिपायानं त्याचे केस सोडले आणि त्याची मान आपोआप खाली पडली.

फौजदार उठले. रागावलेले वगैरे मुळीच नव्हते. “ठीक आहे. तुम्ही ओळखलं नाही, तुमच्यावर जबरदस्ती नाही. तोच सांगेल आता.”

आम्ही आवारातल्या लिंबाखाली आलो तेव्हा आतून पहिला आवाज आला. आई थांबली. उघड्या दारातून पुढची खोली दिसत होती, तिथं चार खुर्च्यांवर चार माणसं बसून आपापलं काम करत होती. दुसरा आवाज आला तसा भावानं आईचा धड हात कोपरापाशी धरला आणि तिला गाडीपर्यंत चालवत नेलं.

दोन दिवसांनी बातमी आली, कबूल झाला. माळ कुठं आहे ते मात्र तो सांगू शकत नव्हता. एकदा विहिरीत टाकली म्हणाला, एकदा विकली म्हणाला. गावानं म्हटलं, पक्का चोर आहे. आणि गावाला खरोखर बरं वाटलं. आईचं मनगट मोडल्यापासून बायकांनी मंगळसूत्रं पदराखाली दडवली होती, ती पुन्हा वर आली. डेअरीच्या रस्त्याला पुन्हा बायका एकट्या चालायला लागल्या. त्यांना खरंच निर्धास्त वाटत होतं. एका माणसाला बदडल्यानं एवढी माणसं निवांत झोपू शकतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ग्रामपंचायतीसमोर फौजदारांचा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ. नारळ आईच्या हातून द्यायचा असं ठरलं. आई नको म्हणत होती, तर भाऊ म्हणाला, “माझी सुट्टी संपायच्या आत गावात तोंड दाखवायची लाज आणू नगंस.” ती उठली. एक हात प्लॅस्टरमध्ये, त्यामुळं नारळ एका हातानं देताना घसरला आणि फौजदारांनी तो हसत झेलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी आईला माइकवर दोन शब्द बोलायला सांगितलं. आई माइकपाशी गेली आणि म्हणाली, “त्यो न्हाई.” माइक चांगला नव्हता. मागच्यांना वाटलं, ती रडते आहे. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात माळावर जेसीबी आला. अतिक्रमण म्हणून पालं काढायचं ठरलं होतं, बंदोबस्ताला तेच ठाणं. एक बाई चुलीवरचं कालवण तसंच उचलून बाजूला झाली. ते पातेलं ठेवायला तिला जागा सापडेना, म्हणून ते धरून ती उभीच राहिली. ती त्या माणसाची बायको. आमच्या घराच्या गच्चीवरून माळ सगळा दिसतो. आई कठड्याला धरून शेवटचं पाल पडेपर्यंत बघत राहिली. मी खाली चल म्हटलं तर म्हणाली, “तू जा.”

भाऊ परत ड्युटीवर गेला. उन्हाळा आला, तेव्हा सांगलीकडं दोन पोरं मोटारसायकलसकट सापडली. चांगल्या घरातली, कॉलेजात नाव घातलेली. त्यांच्याकडं बऱ्याच बायकांचं सोनं निघालं, त्यात आईची बोरमाळही होती. फौजदारांनीच फोन केला. आवाजात कसलाही संकोच नव्हता. “मातोश्रींना सांगा, माल हस्तगत झाला.” मी विचारलं, “आणि तो माणूस?” ते म्हणाले, “कोण माणूस?” मी सांगितल्यावर म्हणाले, “त्याला कधीच सोडलाय. त्याच्यावर काही दाखलच नव्हतं.”

भावाला फोनवर कळवलं. तो म्हणाला, “ती पालातली तरी काय धुतल्या तांदळाची असत्यात व्हय? मिळालं न्हवं सोनं, मग बास.”

आईनं मात्र त्या माणसाचा ठावठिकाणा काढायला मला सांगितलं. गावातल्या एका मेंढपाळानं सांगितलं, ती मंडळी मिरजेच्या बाहेर रुळालगत उतरलीत. म्हणजे माझ्या घरापासून फार लांब नव्हे. आई मिरजेला आली आणि आम्ही रिक्षानं तिकडं गेलो. तो पालाच्या तोंडाशी पाय पसरून बसला होता. आम्हाला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला, आणि तळपाय जमिनीला टेकताच परत बसला. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. मी नर्स आहे, ती पुन्हा वाकणार नाहीत हे मला बघताक्षणी कळलं.

आई खाली मातीत बसली. “मी त्यास्नी सांगितलं हुतं,” ती म्हणाली. “दोनदा सांगितलं, ह्यो न्हाई म्हणून.”

बायको आतून आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्याला वाट सांगावी तसं तिनं सांगितलं. “ठावं हाय आवं. त्यानंच घात झाला. तुमी व्हय म्हणाला असता तर तुमचा सबुद पुरला असता, ह्यास्नी थेट कोर्टात न्हेलं असतं. तुमी न्हाई म्हणालात, मग ह्यांच्याच तोंडातनं काढाय लागलं. दोन दिवस काढत हुते.”

तो माणूस म्हणाला, “जाऊ दे की. म्हातारीला कशाला.”

आईनं आणलेली भाजी-भाकरी तिनं घेतली. पाणी दिलं. आम्ही उठलो तेव्हा तिनं आईला उठायला हात दिला, कारण आईचं मनगट अजून भार घेत नव्हतं. घरी आल्यावर आई जेवली, भांडी घासली, आणि दुसऱ्या दिवशी गावी निघून गेली. बोरमाळ कोर्टातून सुटली, ती भावाच्या बायकोकडं आहे.

ह्या दिवाळीला मी गावी होते, तेव्हा दारात पोलिसांची जीप थांबली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या भेटी घ्यायच्या असं त्यांचं काहीतरी सुरू आहे. एक तरुण महिला पोलीस उतरली, नम्र होती, चप्पल बाहेर काढून आत आली. जीप थांबल्याचा आवाज ऐकताच आईच्या हातातला पेला खाली पडला होता, सांडलेलं पाणी मी पुसत होते. त्या मुलीनं आईला एक नंबर दिला, केव्हाही फोन करा म्हणाली. मग शेजारी बसून मोबाइल पुढं धरला.

“आजी, गावात सुरक्षित वाटतं ना?”

“व्हय,” आई म्हणाली.

“थोडं हसा की. वर पाठवायचाय.”

आई हसली. फोटो चांगला आला होता, मुलीनं मला दाखवला. जीप वळून रस्त्याला लागेपर्यंत आई उभीच होती. मग तिनं दाराला कडी घातली, आणि भर दुपारी, मी घरात असताना, आतून वाटणाचा दगडी पाटा सरकवत आणून दाराला लावला.