जपानातली आळणी

झाकलेल्या भांड्यावर विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या सुनेचा बाप आहे. आमचे व्याही कुणाच्याही घरी गेले की बैठकीत टेकण्याआधी सरळ स्वयंपाकघरात शिरतात, शेगडीवर जे असेल त्याचं झाकण उचलतात, डोळे मिटून वास घेतात आणि मगच बाहेर येऊन "जेवलाव का?" असं विचारतात. सोयरिकीची बोलणी करायला ते पहिल्यांदा आमच्या करंजाड्याच्या फ्लॅटवर आले, त्या दिवशी बायकोनं बाहेरून कोंबडीचा रस्सा मागवून तो आपल्या पातेल्यात ओतून ठेवला होता, वर घरची कोथिंबीर पेरली होती. व्याह्यांनी झाकण उचललं, वास घेतला आणि म्हणाले, "वहिनी, हे हाटेलातलं हाय. पन तुमी माणसं बरी हाव, पोरगी देतो." लग्न थाटात झालं. बायको मात्र त्यांचं नाव निघालं की अजून कोथिंबिरीवर राग काढते.

त्यांच्या घराण्याची मिठागरं होती, भाताची खाचरं होती. ती सगळी गेली आणि त्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. खाली गाळे, मध्ये भाडेकरू आणि गच्चीवर कोंबड्या. इमारतीला लिफ्ट आहे, पण ती भाडेकरूंपेक्षा कोंबड्यांनीच जास्त वापरली असेल. कोंबडीबद्दलची व्याह्यांची मतं ठाम आहेत. तळोज्याच्या बाजूची कोंबडी कारखान्यांच्या धुरानं खोकते आणि म्हणून तिचा रस्सा पातळ होतो, असं ते मला गंभीरपणे सांगतात. मी बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस, पुराव्याशिवाय काही मानत नाही. पण त्यांच्या घरी जेवलो की हात धुता धुता मलाही ते पटायला लागतं.

आता माझ्याविषयी. मी स्वतःला जग पाहिलेला समजतो. वास्तविक माझं जग एकीकडे महाबळेश्वरला आणि दुसरीकडे शिर्डीला संपतं. पण मुलाला जपानात, फुकुओकाला नोकरी लागली आणि तेव्हापासून मी सोसायटीच्या कट्ट्यावर जपानी लोक कसे वक्तशीर असतात याविषयी अधिकारवाणीनं बोलू लागलो. त्यामुळे गेल्या वर्षी आम्ही दोघे व्याही तिकडे निघालो तेव्हा या भोळ्या माणसाला चार लोकांत सांभाळून घेण्याची जबाबदारी आपलीच, हे मी परस्पर ठरवून टाकलं. माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि विहीणबाईंनी विमानात पाय ठेवायचा नाही अशी शपथ घेतलेली, म्हणून आम्ही दोघेच.

व्याह्यांच्या येण्यामागचं खरं कारण मला विमानतळावर कळलं. सुनेला पाचवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हा त्यांच्याकडचा नेम, आणि विहीणबाईंनी नवऱ्याला बजावून पाठवलं होतं की पोरीला घेऊनच या. आळीव आणले होते, डिंक आणला होता, बाळंतिणीची खोली रंगवून तयार होती. इकडे मुलानं मला आधीच फोन केला होता. तिला इथल्याच डॉक्टरांकडे राहायचंय, पण वडिलांसमोर बोलायचा धीर होत नाही, तेव्हा बाबा, तुम्हीच त्यांना समजवा. मी लगेच होकार दिला आणि 'बदलता काळ' या विषयावर एक छोटेखानी व्याख्यान मनाशी तयार केलं. त्यात दोन विनोदही घातले होते.

व्याख्यानाला मुहूर्त मिळेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा आणि सून आम्हाला तिथलं खास कोंबडीचं जेवण जेवायला घेऊन गेले. मिझुताकी म्हणतात त्याला. बैठं टेबल, मधोमध शेगडी, तिच्यावर मातीचं भांडं आणि भांड्यावर झाकण. किमोनो घातलेल्या वयस्कर बाई वाकून नमस्कार करत होत्या तेवढ्यात व्याह्यांनी झाकण उचललंसुद्धा. मी शरमेनं अर्धा झालो. बाई मात्र हसल्या आणि झाकण त्यांच्या हातून घेऊन बाजूला ठेवलं. आता आपण तरी घराण्याची अब्रू राखावी म्हणून मी मोबाइलमध्ये मान घातली आणि जेवायच्या काड्या कशा धरायच्या त्याचं चित्र पाहू लागलो. घरी महिनाभर शेंगदाण्यांवर सराव केला होता, पण आयत्या वेळी अंगठा कुठं ठेवायचा तेच आठवेना.

मान वर केली तर समोर एक चिमुकली वाटी. आत गरम, धुरकट पाणी आणि वर काहीतरी हिरवं तरंगत होतं. वाटी कुठून भरली हे मी पाहिलंच नव्हतं. पण मोठ्या हॉटेलात कोमट पाण्यात लिंबाची फोड घालून हात धुवायला देतात, हे मला ठाऊक होतं. जपानी माणूस स्वच्छतेचा भोक्ता, तो जेवणाआधीच देत असणार. व्याह्यांनी वाटी तोंडाकडे नेलेली पाहून मी घाईघाईनं त्यांचं मनगट धरलं, हे प्यायचं नसतं असं हलक्या आवाजात सांगितलं आणि धडा घालून द्यावा म्हणून आपली चार बोटं माझ्या वाटीत बुडवली. बोटं चांगलीच भाजली. बाईंचा हात तोंडावर गेला. मुलानं कपाळाला हात लावला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा तर बैल रश्श्यात पडला होता.

व्याही हसले नाहीत. त्यांनी वाटीचा वास घेतला, एक घोट घेतला आणि वाटी तशीच धरून बसले.

"व्याही, ह्यानं हात धुवाचं नाय," ते म्हणाले. "ही आळणी हाय."

आळणी म्हणजे कोंबडी शिजताना मसाला पडायच्या आधी काढून घेतलेलं पातळ पाणी. आमच्याकडे आजाऱ्याला देतात आणि बाळंतिणीला तर देतातच. इथं सगळ्यांनाच जेवणाआधी ती देतात, चिमूटभर मीठ घालून. नंतर मग हाडांसकट कोंबडीचे तुकडे, कोबी, पातीचा कांदा, आणि शेवटी उरलेल्या पाण्यात भात शिजवून पेज. माझ्या काड्यांतून टोफू, म्हणजे सोयाबीनचं मऊ पनीर, दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्या बाईंनी न मागता मला चमचा आणून दिला, लहान मुलांचा, दांड्यावर ससा असलेला.

व्याही मात्र जेवणापेक्षा पोरीकडेच पाहत होते. ती खाली मान घालून आळणी प्यायली, मग आणखी मागितली. मुलगा हाडावरचं मांस सोडवून तिच्या वाटीत घालत होता आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं, इतकं सवयीचं.

"कितीदा खातीस ही?" त्यांनी विचारलं.

"दर आठवड्याला, दादा." बापाला ती दादाच म्हणते. " घरी पण करतो आम्ही. उलट्या व्हायच्या तेव्हा हीच एक पोटात राहायची."

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता व्याख्यानाची वेळ आली. मी घसा साफ केला. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "हितंच ऱ्हाशील ना तू?"

तिनं होकारार्थी मान डोलावली. डोळे भरले होते तिचे.

"बरं," व्याही म्हणाले. मग जरा थांबून, गावातल्या कुणाला शेतावर येऊ का विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मंग आमीच येवाचं का? माहेर हितं आणलं तर चालंल का तुमाला?"

ती उठली आणि भर हॉटेलात बापाच्या गळ्यात पडली. मी चष्मा पुसला. रश्श्याच्या वाफेनं धुरकट झाला होता असं मी मुलाला सांगितलं, पण ते खोटं होतं.

विमानात कधी पाय न ठेवणाऱ्या विहीणबाई दोन महिन्यांनी डिंक, आळीव आणि नवऱ्यासकट विमानात बसल्या आणि बाळ महिन्याचं होईपर्यंत तिथं राहिल्या. मुलाचं घर लहान, पाहुणे दोनच मावतात, त्यामुळे आम्ही नातीला फोनवर पाहिलं. बायकोनं एकदा विचारलं, आपण का नाही गेलो? मी घर लहान असल्याचं सांगितलं. रात्री मात्र झोप लागली नाही. घर तर व्याह्यांसाठीही लहानच होतं. फरक एवढाच की त्यांनी विचारलं. मी जग पाहिलेला माणूस, पण आम्ही येऊ का, असं आपल्याच मुलाला विचारायचं असतं, हे मला सुचलंच नव्हतं.