आधी आपण खायचा, मग द्यायचा

माझ्या आत्यानं माझ्या बाबांना भर मंडळीसमोर किडका भात वाढला होता.

ती आत्या परवा गेली. काल तिला माती दिली.

रूथ आत्या. बाबांची धाकटी बहीण. भंडाऱ्यात जन्मभर नर्स होती, लग्न केलं नाही, आमच्याच अंगणातल्या दोन खोल्यांत राहायची आणि आमच्या अख्ख्या घरावर राज्य करायची.

आगमनकाळ सुरू झाला, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, की आमच्या छोट्याशा चर्चमध्ये घराघरातून तांदळाच्या पिशव्या येतात. त्याच सुमारास नवं धान घरात आलेलं असतं, त्यामुळे सगळ्यांचाच हात जरा सैल असतो.

हा तांदूळ गरजू घरांत जातो. जात-धर्म कोणी विचारत नाही. कोणी उत्साहात म्हटलं, "त्यायले चर्चमध्ये बोलवू का?" की आत्या लगेच म्हणायची, "आपण तांदूळ देऊन राहिलो. आवतन नाई."

पण तिचा एक रूल होता.

उपासना संपली की चर्चच्या मागे चूल पेटायची. प्रत्येक पिशवीतला मूठभर तांदूळ छोट्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजायचा. आणि ज्यानं आणला त्यानंच तो आधी खायचा. सगळ्यांसमोर. नुसता, मीठ घालून.

पास्टर साहेबांनासुद्धा सूट नव्हती.

एका वर्षी बाबांनी कोठीच्या तळातलं पोतं आणलं. जुना तांदूळ छान फुलतो, हे आम्हा भंडारेकरांना कोणी शिकवायला नको. पण हा कुबट होता, सोंडे लागलेला. बाबांना वाटलं, घरचीच बहीण आहे, चालवून घेईल.

घरची बहीण! तिनं तो शिजवला आणि ताटलीत वाढून समोर ठेवला.

"दादा, खा."

"मले भूक नाई."

"त्या लोकायले हाये. म्हणून त्यायनं असा खावा काय?"

बाबांनी एक घास कसाबसा गिळला, पोतं स्कूटरवर टाकलं आणि तडक घरी आले.

मग आठवडाभर अंगणात अबोला. आत्या रोज चहा पाठवायची. बाबा तो प्यायचे, कप परत पाठवायचे, पण बोलायचे नाहीत. आई वैतागली, "दोघंबी बुढे झाले, पण अक्कल नाई आली."

पुढच्या रविवारी बाबांनी नवा, वासाचा चिन्नोर तांदूळ नेला. स्वतःच गंज चढवला, स्वतःच खाल्ला आणि आत्याकडे न बघता म्हणाले, "घे. कोठं पाठवाचा तं पाठव."

"तूच चाल ना संगं."

दोघं स्कूटरवर करडी गावाला गेले, शेवंताबाईंकडे. त्यांचा नवरा नुकताच वारला होता, आणि त्याच्या आजारपणात वॉर्डात आत्याच होती.

शेवंताबाईंनी पोत्यात हात घातला, तांदूळ नाकाशी नेला. "कोणाच्या घरचा हाये?"

"माझ्या," बाबा म्हणाले. "आदी आमी खाऊन पाह्यला."

शेवंताबाई हसल्या. "मंग चांगलाच असन."

बाबांना हे वाक्य इतकं आवडलं की पुढची कित्येक वर्षं ते पाहुण्यांना ऐकवत राहिले. त्या वर्षापासून करडीची पिशवी बाबाच नेत आले. पुढे शेवंताबाईंचा मुलगा नोकरीला लागला. त्यांनी सांगितलं, "आता दुसऱ्याले द्या, भाऊ." तरी डिसेंबरमध्ये बाबांची एक चक्कर ठरलेली.

काल माती देऊन आलो. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारून डबे आले. बाबांनी एकालाही हात लावला नाही. परवापासून नुसत्या पाण्यावर. डायबिटीस आहे, गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत. आईनं सांगून पाहिलं, मी रागावून पाहिलं, पास्टर साहेबांनी प्रार्थना करून पाहिली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून. मला खरंच भीती वाटायला लागली होती.

आज दुपारी शेवंताबाई आल्या. फडक्यात बांधलेला डबा, त्यात भात आणि वरण. बाबांजवळ खाली बसल्या, डबा उघडला.

"भाऊ, मी आदी खाऊन पाह्यला. मंग आणला."

बाबा उठून बसले.

एक घास घेतला. मग दुसरा. मग म्हणाले, "मीठ कमी हाये. रूथनं वापस पाठवला असता."

आणि हसता हसता रडायला लागले. शेवंताबाईपण. आम्ही सगळेच.

डबा रिकामा झाला. बाबांनी गोळी घेतली.

येत्या रविवारी चर्चच्या मागे चूल पेटणार. पहिला गंज बाबा चढवणार आहेत, त्यांनीच तसं सांगितलं.

आत्या, तुझ्याशिवाय हे अंगण फार मोठं वाटतंय गं.

प्रभूच्या घरी पोहोचली असशील. तिथं तरी गेल्या गेल्या कोणाला चव बघायला बसवू नकोस.

आम्हा सगळ्यांचा तुला सलाम.