चाळीस परके शब्द आणि पार्किंगमधला चेडोबा

हेंद्रेपाड्यातले जयदेव मास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना शाल, श्रीफळ आणि लाल पेनांचा एक खोका दिला. खोका कुणीतरी चेष्टेने ठेवला होता, पण मास्तरांना चेष्टा कळत नसे. त्यांनी तो मनापासून स्वीकारला. अंबरनाथला एकतीस वर्षं मराठी शिकवताना त्यांनी किती वह्यांच्या समासात ‘गावठी’ असा शेरा मारला, त्याची गणती नाही. पोराने ‘पानी’ लिहिलं, गावठी. ‘कोंबरा’ लिहिलं, गावठी.

गंमत अशी की मास्तर स्वतः सोनिवलीचे आगरी. त्यांच्या घरात कोंबड्याला सात पिढ्या कोंबराच म्हणत आल्या होत्या. पण डी.एड.ला असताना एका बाईंनी भर वर्गात त्यांच्या बोलण्याची नक्कल केली, पोरं फिदीफिदी हसली, आणि मास्तरांनी ती भाषा करपलेल्या पातेल्यासारखी घासून काढली. तेव्हापासून ते भाजीवाल्याकडेही ‘कोथिंबिरीची एक जुडी द्यावी’ असं बोलत. भाजीवाला बिचारा आधी घाबरायचा, मग जुडी द्यायचा.

घरात त्यांची आई होती, गोदूबाई, वय चौऱ्याऐंशी. तिचं मागणं एकच होतं, राखण. सोनिवलीला त्यांच्या शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला एक दगड होता, तो चेडोबा. तो शेत सांभाळतो, म्हणून घरातल्या पुरुषाने वर्षातून एकदा त्याला कोंबडा, नारळ आणि माडीची धार द्यायची, यालाच राखण देणं म्हणत. शेत विकलं, तिथे बारा मजली टॉवर उभा राहिला, पण दगड हलवायची बिल्डरची छाती झाली नाही. त्याने दगडाभोवती पार्किंग आखलं. मास्तरांचे वडील त्या पार्किंगमध्येही नेमाने राखण देत राहिले. ते गेले आणि राखण थांबली. तीन वर्षं गोदूबाई मागत होती, तीन वर्षं मास्तर अंधश्रद्धेवर भाषण देत होते. खरं कारण अंधश्रद्धा नव्हतं. चेडोबापुढे गाऱ्हाणं मोठ्याने घालावं लागतं, आणि तेही घरच्या बोलीत. मास्तरांना त्याची लाज वाटत होती.

अशात त्यांची जुनी विद्यार्थिनी रिद्धी हिचा पुण्याहून फोन आला. ती भाषांतराच्या कचेरीत होती. तिच्याकडे जर्मनीतल्या एका मंडळाचं काम आलं होतं. ही मंडळी चर्च येण्याआधीचे आपले जुने देव पुन्हा पुजू लागली होती. मधल्या हजार वर्षांत सगळं विसरलं गेलेलं, म्हणून त्यांनी शब्द पोथ्यांतून उकरून काढले, एकेक विधी जुळवला आणि रविवारी रानात जमायला लागले. त्यांच्या चाळीस शब्दांचा कोश जगातल्या पंधरा भाषांत व्हायचा होता. मराठीसाठी रिद्धीला मास्तरांशिवाय दुसरं कोण आठवणार?

मास्तर फुलून गेले. तीन दिवसांत त्यांनी चाळीस शब्द हातावेगळे केले. देवाला बळी देऊन सगळ्यांनी मिळून जेवायचं, तो ब्लोट. मास्तरांनी लिहिलं ‘यज्ञ’. शिंगातलं पेय फिरवत देवांची आणि पूर्वजांची नावं घ्यायची, ते सुंबेल; मास्तर म्हणाले ‘स्मरणपानविधी’. जमिनीचे रखवालदार ते लांदवेत्तिर, म्हणजे ‘क्षेत्रपालदेवता’. मूल जन्मताच त्याचं नशीब ठरवणाऱ्या बाया त्या नॉर्न, म्हणजे ‘नियतिस्वामिनी’. आणि हीदन. हा शब्द म्हणे मुळात शिवीच होता, माळरानावरचा अडाणी अशा अर्थाचा. आता ही मंडळी तो कपाळाला लावून मिरवत होती. तिथे मास्तरांनी सभ्यपणे ‘प्राचीनधर्मानुयायी’ टाकलं.

यादी चौथ्या दिवशी परत आली. मंडळाची अट होती की प्रत्येक शब्द सत्तरी ओलांडलेल्या, चौथीच्या पुढे न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवायचा आणि तो त्याला कळला पाहिजे. सोमवारपर्यंतची मुदत होती. असं माणूस शोधायला मास्तरांना लांब जावं लागलं नाही. ते स्वयंपाकघरात सुकट निवडत बसलं होतं.

‘नियतिस्वामिनी’ ऐकून गोदूबाईने विचारलं, ही कुठली बाई, तिसऱ्या मजल्यावरची का? मग तिने सुकट सुपात घेतली आणि ते लोक करतात तरी काय ते नीट सांग म्हणाली. मास्तर सांगत गेले आणि ती सूप न थांबवता शब्द देत गेली. मूल झाल्यावर येते ती सटवी. जमिनीचा तो राखणदार. माडी प्यायच्या आधी बोट बुडवून मेलेल्यांच्या नावाने सोडतात ती धार. दगड रचून उघड्यावर बसवलेला तो देवाचा ठाव. दुपारपर्यंत अडतीस शब्द झाले. मास्तर घामाघूम झाले. लाल पेन हातात तसंच राहिलं.

राहिले दोन, हीदन आणि ब्लोट. हीदन मास्तरांनी टाळलं. ब्लोट समजावून सांगितलं, तर म्हातारीने सूप खाली ठेवलं.

“तो सांगायचा नसतंय, जयदेवा. करायचा असतंय. ऐतवारी चल, मंग सांगतंय.”

मास्तरांनी विनवण्या केल्या, मुदतीची भीती घातली. गोदूबाईने तोंड शिवून घेतलं. साठीच्या पोराला कुठे धरून वाकवायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी दोघं रिक्षाने सोनिवलीला गेले, मांडीवर पाय बांधलेला कोंबडा. सोसायटीचा सेक्रेटरी भावेश गेटवरच आडवा आला. सोसायटीत पशुपक्षी कापायला मनाई, वर कॅमेरे लागलेले, त्याने नियम वाचून दाखवला. मग मास्तरांना बाजूला घेऊन त्याने हळूच विचारलं की तीन वर्षांपासून लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच अडकते, मेकॅनिक हरले, तर याचा त्या दगडाशी काही संबंध असेल का? गोदूबाई लांबूनच ‘हाय’ म्हणाली. भावेशने अकरापर्यंत व्हिजिटर पार्किंग मोकळं करून दिलं आणि कॅमेऱ्यावर आपला टॉवेल टाकला.

दोन स्कूटरींच्या मध्ये चेडोबा बसला होता. शेंदूर उडालेला, अंगावर टायरचा काळा पट्टा. गोदूबाईने पदराने पट्टा पुसला, शेंदूर लावला आणि कोंबडा मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी घसा साफ केला. “हे क्षेत्रपाला, आपल्या चरणी आम्ही विनम्रपणे...”

“कोनाला बोलतंस?” गोदूबाई म्हणाली. “तो काय शालंचा इन्स्पेक्टर हाय?”

भावेश खाली मान घालून उभा राहिला. कोंबड्याचं काळीज मास्तरांच्या हाताखाली धडधडत होतं, आणि त्यांना आठवलं की बाप इथे उभा राहून काय बोलायचा. तिकडे हजार वर्षांपूर्वी मेलेले शब्द माणसं नखांनी उकरत होती, आणि इथे जिवंत शब्दांवर ते स्वतः एकतीस वर्षं लाल शाई ओतत होते. त्यांनी डोळे मिटले.

“बाबा, तीन वरसां नाय आलू. लाज वाटत व्हती. आता आलू. घे तुजे मानाचा कोंबरा, नि सगल्यांना सांभाल.”

गोदूबाईने पदर डोळ्यांना लावला.

“मना वाटला, तुजी जीभ शालंनच ऱ्हायली.”

मागच्या भिंतीशी तीन विटांवर कालवण शिजलं. भावेश पहिल्याने फक्त रस्सा म्हणाला, मग तंगडी घेतली. लिफ्ट त्या दिवशीही अडकली, त्याच जागी.

सोमवारी मास्तरांनी यादी पूर्ण केली. ब्लोटसमोर लिहिलं ‘राखण’. मग चाळिसावा शब्द आला. हीदन. खोक्यातलं नवं लाल पेन काढून त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘गावठी’. खाली, भाषांतरकाराच्या नावाच्या जागी, आईचं नाव घातलं.