लाल शाईतली सात नावं

कुंभिवलीच्या कागद कारखान्यात मालोजी गायकवाड बावीस वर्षं टाइमकीपर होता. घरातला पहिला मॅट्रिक. अक्षर इतकं देखणं की नामंजूर झालेली रजासुद्धा वाचायला बरी वाटे. शिल्लक रजा तो निळ्या शाईत लिही. हक्कापेक्षा जास्त दांड्या मारल्या की तेवढे दिवस उणे, आणि तो आकडा लाल. कामगार मॅनेजरला भीत नसत, पण त्या लाल आकड्याला टरकून असत. स्वतः मालोजीने रजा अशी घेतलीच नव्हती. आपण नसलो तर कारखाना बंद पडेल, असा त्याचा एक गोड गैरसमज होता.

१९८५ साली कॉम्प्युटर आला. त्याला थंडगार खोली मिळाली. मालोजीच्या डोक्यावरचा पंखा तीन वर्षं बंदच होता. मॅनेजर म्हणाले, महिनाभर रजिस्टर आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू दे. गायकवाडचे आकडे चुकले तर तो गेटवर, ट्रक मोजायला.

महिनाअखेर यादी आली आणि सात नावं जुळेनात. पहिलंच नाव कशेळ्याकडच्या वाडीतल्या पोशाचं. पाच रजा शिल्लक असताना गडी भातलावणीला चौदा दिवस गेला होता. रजिस्टरात लाल नऊ. कॉम्प्युटर म्हणे, पोशाच्या नऊ रजा शिल्लक!

"लई गुणाचं मशीन हाय, दादा," पोशा खूश होऊन म्हणाला. "आनखी दांडी मारू का?"

मॅनेजर मात्र हसले नाहीत. "गायकवाड, कॉम्प्युटर चुकत नाही."

मालोजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रजिस्टर काखेत मारून तो थेट थंड खोलीत घुसला, तेही चपला न काढता. आत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सबनीसबाई बसल्या होत्या.

"बाई, साती नावं माझ्याकडं लाल हायती. तुमच्या मशीनला लाल शाई हाय का नाय?"

बाई हसायला गेल्या आणि थांबल्या. प्रोग्रॅमचे कागद उलगडता उलगडता त्यांचं बोट शिल्लक रजेच्या ओळीवर अडलं.

"माझीच चूक. तीन आकडे दाबून दोन खणांत बसवलेत. शेवटचा अर्धा खण अधिक-उण्याच्या चिन्हाचा. पण इथे मी एस हे अक्षर लिहायला विसरले. एस नसला की प्रोग्रॅमची ही भाषा, कोबॉल, उण्याचं चिन्ह टाकून देते आणि नुसता आकडा ठेवते. कुरकुरसुद्धा करत नाही."

"म्हंजे चिन्हाला जागा हुती?"

"होती की. एस घातला तरी एक खणही वाढणार नाही."

"जागा ठेवायची अन् बसू द्यायचं नाय," मालोजी म्हणाला. "ही रीत आमाला ठावी हाय."

बाईंनी मान खाली घालून एस घातला. सातही नावं जुळली. पोशाच्या नावापुढे उणे नऊ आलं.

"उत्तम," मॅनेजर म्हणाले. "आता यादी बिनचूक झाली, म्हणजे रजिस्टर नको. उद्यापासून तू गेटवर."

चुकलं तर गेट, चूक काढून दिली तरी गेट. मालोजीला रडूच यायचं बाकी होतं. त्याने नवी यादी ओढून घेतली, आपल्या नावापुढच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि अर्ज लिहायला बसला.

"हे काय?"

"रजेचा अर्ज, साहेब. दोनशे सोळा दिवस, उद्यापासून. आकडा तपासू नका, कॉम्प्युटर चुकत नाय."